दोन दिवसांचा मुक्काम

आटपाडीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, एका धनगराच्या माळावर आमची बस तेवीस दिवस उभी होती. थांबताना मी बायकोला म्हटलं होतं, दोनच दिवस थांबू. मग बॅटरीचं कारण सांगितलं. मग मागच्या टायरचं. मग पाठ धरली आहे म्हणालो, आणि ती बिचारी शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून देत राहिली. पाठीला काही झालं नव्हतं. बॅटरीलाही नव्हतं. मला दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं असं म्हणणंही पुरतं खरं नाही. समोरचं चांगलं दिसायचं. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचायचो, सुईत दोरा ओवायचो. गेलं होतं ते बाजूचं. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं तर ते बोलेपर्यंत कळायचं नाही.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी तीस वर्षं सुतारकाम शिकवलं. बायको त्याच शाळेच्या वसतिगृहावर होती. लहान मुलींचा ताप, उवा, घरच्या आठवणीने रात्रभर रडणं, सगळं तिच्याकडे. आम्हाला मूलबाळ नाही. शाळेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि निवृत्त झाल्यावर ते सोडायचं होतं. त्याच सुमाराला शाळेने एक जुनी छोटी बस काढून टाकायची ठरवली. ड्रायव्हर रजेवर गेला की ती मीच चालवायचो, म्हणून परवाना होता आणि इंजिनाची खोडही माहीत होती. बायको म्हणाली, एका जागी तीस वर्षं बसलो, आता आणखी कुठे घर बांधून बसायचं?

बस घेतली. सीटा काढून मागे पलंग केला, ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटा ओटा, वर सागवानी कपाटं. सगळं माझ्या हाताने, त्यात आठ-नऊ महिने गेले. पिवळा रंग घासून निळसर राखाडी लावला. ऊन तिरपं पडलं की त्या रंगाखालून शाळेच्या नावाची अक्षरं उमटायची आणि आम्ही हसायचो.

या सगळ्याच्या महिनाभर आधी, चष्म्याचा नंबर बघायला म्हणून मी साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, आणि बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मधे बराच वेळ दिवा लागलाच नाही असं मला वाटलं. तो लागत होता. कागदावर काळे डाग आले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब रोज घालायचे, कायम. आणि गाडी चालवणं आता बंद करा.

मी विचारलं, किती वेगाने वाढतं? ते म्हणाले, सांगता येत नाही, पण सहसा हळूहळू.

त्या एका 'हळूहळू'वर मी बस घेतली. तो कागद सुतारकामाच्या पेटीत, रंध्याखाली घालून ठेवला. थेंबांची बाटली दिसली तेव्हा बायकोला सांगितलं की डोळे कोरडे पडतात त्याचं औषध आहे. प्रवासात ते थेंब कधी मिळायचे, कधी नाही, आणि नाही मिळाले की मी विचारायचंही सोडून देई. परवान्याच्या नूतनीकरणाला समोरचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ वाचून दाखवली. काचबिंदूत शेवटची ओळ शेवटपर्यंत वाचता येते.

दोन वर्षं आम्ही फिरलो. कोकणात उतरलो, गुजरातेत गेलो, नर्मदेच्या काठाने हिंडून परत आलो. ती माझ्या शेजारी बसायची, मांडीवर नकाशाची वही घेऊन. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. चांगले होते, आणि मी ते चोरून घेतले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही फलटणहून निघालो होतो. सांगलीत विश्रामबागेत हिची थोरली बहीण राहते. तिच्याकडे चार दिवस काढून पुढे विजापूर, हम्पी असा बेत होता. फलटणच्या बाहेर कारखान्यांना जाणाऱ्या उसाच्या गाड्या चालू होत्या. एका फाट्यावर डावीकडून ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. तो कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. बायको ओरडली आणि मी ब्रेक दाबला. उसाचे शेंडे आमच्या काचेवर खरवडत गेले. ट्रॅक्टरवाला शिव्या देऊन निघून गेला. बायको त्यालाच बोलत राहिली, की ही माणसं बघत नाहीत, कशी चालवतात. मी हो म्हणालो.

म्हसवड मागे पडलं, वस्ती विरळ झाली. रस्त्याला गाड्या कमी होत्या तरी प्रत्येक फाट्याला मी बैलगाडीच्या चालीने जात होतो. आटपाडी यायच्या आधी उजवीकडे माळ दिसला, त्यावर एक मोठा लिंब आणि दोन खोल्यांचं घर. मी बस आत घातली. म्हटलं, दोन दिवस थांबू, इंजिन तापलंय.

घर एका धनगर नवराबायकोचं होतं. दोघं सत्तरीची. त्यांचा मुलगा आणि सून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली कोकणाकडे गेले होते, ते पावसाच्या तोंडावर परतणार. मागे या दोघांकडे चार-पाच शेळ्या, दोन अधू मेंढ्या आणि थोडी डाळिंबाची झाडं होती. त्यांना मी मामा म्हणू लागलो आणि तिला मावशी. मामांनी बस बाहेरून एकदा निरखली, आत डोकावून ओटा आणि पलंग बघितला आणि म्हणाले, "आमी पाय झिजवत जल्म काडला, तुमी घर घिऊनच निगाला व्हय." जागा वापरायला त्यांनी आनंदाने दिली. विहिरीचं पाणीही दिलं.

माळावरचे पहिले चार-पाच दिवस बायकोला आवडले. ती मावशीबरोबर शेळ्यांमागे जायची, चुलीवर भाकरी थापायला शिकायची. मग तिला पुढे जायची घाई झाली. बहिणीचा फोन यायचा, कधी येताय. मी बॉनेट उघडून त्यात डोकं घालून बसायचो. पाना हातात धरून इंजिनाकडे बघत बसणं हे माझं काम झालं. संध्याकाळी हात ऑइलने काळे करून घ्यायचो, म्हणजे काही केल्यासारखं दिसावं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मला वाटत होतं, थोडी विश्रांती मिळाली की नजर सुधारेल. दुसरीकडे मला पक्कं माहीत होतं की सुधारणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात ते मी त्या तेवीस दिवसांत बघितलं.

मावशीने ओळखलं. साधारण दहाव्या दिवशी, सकाळी, मी लिंबाखाली दगडावर बसलो होतो. तिने उजव्या बाजूने चहाचा पेला पुढे केला. मी घेतला नाही. ती काही न बोलता पेला धरून उभी राहिली, किती वेळ ते मला ठाऊक नाही. मग तिने पेला हळूहळू माझ्या समोर आणला. मी दचकून घेतला.

ती माझ्यापुढे उकिडवी बसली. बायको विहिरीवर गेली होती.

"मास्तर, तुमास्नी बाजूचं दिसत न्हाई," ती म्हणाली. विचारत नव्हती. "आमच्या एका मेंढीचं असंच हुतं. सरळ चालायची आन् काट्यात शिरायची."

मी विहिरीकडे बघितलं. म्हटलं, मावशी, हिला सांगू नका. मी सांगणार आहे, सांगलीला गेल्यावर.

"गाडी कोन नेनार सांगलीला?"

मी म्हणालो, ड्रायव्हर बोलावतो. त्या क्षणी मला तसं खरंच करायचं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मग म्हणाली, "न्हाई सांगत. पर तुमी सांगा बगा." आणि शेळ्यांकडे गेली. नवऱ्यालाही तिने सांगितलं नाही. मी ड्रायव्हर बोलावला नाही. ड्रायव्हर कशाला, असं बायको विचारेल आणि मग सगळंच बाहेर येईल, म्हणून आज नको उद्या करत राहिलो.

बाविसाव्या दिवशी बायकोने पिशवी भरली. रागावली नव्हती, थकली होती. म्हणाली, "उद्या निघायचं. नाहीतर मी एसटीने जाते, तुम्ही बस घेऊन या सावकाश." मला एकट्याला ती बस नेणं शक्य नव्हतं. म्हटलं, उद्या निघू. मनात हिशेब केला की सकाळी लवकर रस्ता मोकळा असतो, विट्यापर्यंत हळू गेलं की पुढे बघू.

तेविसाव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी इंजिन चालू केलं. मामा विहिरीकडे होते. बसचं तोंड घराकडे होतं, म्हणजे आधी मागे घेऊन गाडीवाटेला लावायची होती. बायको माझ्या बाजूला, मागच्या कोपऱ्याशी उभी राहून हाताने दाखवत होती. या, या, या.

मावशी घरातून बाहेर आली. तिने मटकी फडक्यात बांधून आणली होती, आम्हाला वाटेत द्यायला. डाव्या बाजूला एक करडू होतं, त्याची दोरी मागच्या चाकाजवळच्या खुंटीला गुंतली होती. ती सोडवायला मावशी वाकली. बायकोने तिला तिकडे जाताना बघितलं होतं. नंतर तिने मला सांगितलं, "त्या तुमच्या आरशात समोर दिसत होत्या. मला वाटलं, तुम्ही थांबणारच."

आरशात मी बघितलं होतं. मला आरशात लिंबाची फांदी दिसली होती आणि थोडं आभाळ.

कोपरा लागल्याचं मला कळलं नाही. बायकोची हाक ऐकून ब्रेक दाबला. उतरून मागे गेलो तर मावशी डाव्या कुशीवर पडली होती. चाकाखाली आली नव्हती. पण तिचा उजवा पाय भलतीकडे वळला होता आणि आखूड दिसत होता. रक्त नव्हतं. मटकी सगळीकडे सांडली होती आणि करडू ती खात होतं. मावशी ओरडत नव्हती. दात आवळून फक्त श्वास घेत होती.

मामा पळत आले. गुडघ्यावर बसून त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायकोने वसतिगृहात असली दुखणी बघितलेली होती, ती म्हणाली खुबा मोडलाय, सांगलीला न्यायला हवं. मग तिने बसच्या पलंगावरची गादी सरळ केली, मामांना म्हणाली अलगद उचलू या, आणि मला म्हणाली, "तुम्ही बसा गाडीवर, चला."

मी उभा राहिलो.

"अहो, बसा ना."

मी म्हणालो, "मला नेता येणार नाही. मला दिसत नाही."

तिला वाटलं मी घाबरलोय. माझा दंड धरून हलवलं. मी परत म्हणालो, मला बाजूचं दिसत नाही, काचबिंदू आहे, पहिल्यापासून आहे. मामांनी वर बघितलं. मावशी खाली डोळे मिटून पडली होती. बायकोने माझा दंड सोडला.

त्यानंतर तिने माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे पळत गेली. साठीची बाई, साडी वर खोचून त्या ढेकळांतून पळत होती आणि मी चाकाला धरून उभा होतो. तिने एक पिकअप थांबवली, डाळिंबाचे क्रेट घेऊन सांगलीकडे चाललेली. पोरगेल्या ड्रायव्हरने निम्मे क्रेट तिथेच उतरवून जागा केली. आमची गादी त्यात घातली. मामा आणि बायको दोन बाजूंना बसले. मला पुढे बसवलं. विट्यापर्यंत आणि पुढे सांगलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागून मावशीचा आवाज येत होता. मोठा नव्हता. मी तो मोजत नव्हतो, पण एकही चुकला नाही.

सांगलीत हॉस्पिटलमध्ये तिला आत नेल्यावर बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे बस घ्यायच्या आधी." आणि थोड्या वेळाने, "दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसले." एवढंच. तिने मला कधी शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

मामांना मीच सगळं सांगितलं, कागदावरचे काळे डाग, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगणं, सगळं. मावशीला माहीत होतं हेही सांगितलं. ते भिंतीला टेकून उभे होते, डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलेलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगायचं हुतं मास्तर. मी चाकाला धोंडा लावला आस्ता."

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. मी खोलीच्या बाहेर, दाराशी होतो. त्यांनी मावशीला विचारलं, कसं झालं. तिचा आवाज बसला होता, तरी स्पष्ट ऐकू आलं. "करडू सोडवाया गेले, मीच आडवी आले. त्येंचा काय दोस न्हाई." हवालदारांनी लिहून घेतलं. दार उघडंच होतं. दोन पावलं टाकून आत जायचं आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच होतं. मी गेलो नाही. हवालदार बाहेर आले, मला म्हणाले, जपून चालवत जा, आणि गेले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

ऑपरेशन झालं. मावशी महिनाभराने वॉकर धरून दोन पावलं टाकायला लागली, पण घरी गेल्यावर ती उठेनाशी झाली. मुलगा-सून बातमी ऐकून मेंढरं दुसऱ्यांच्या स्वाधीन करून परत आले होते. मी परवाना नेऊन परत दिला. साताऱ्याचा तो कागदही पेटीतून काढून बायकोच्या हातात दिला. तिने उजेडात धरून बघितला, घडी घातली आणि मला परत दिला. बस एका माणसाने माळावरूनच विकत नेली. ती पुढे कुठे गेली याची मी चौकशी केली नाही.

आता आम्ही विश्रामबागेत, मेहुणीच्या घराजवळ दोन खोल्यांत राहतो. माझी नजर नळीतून बघावं तशी झाली आहे. बायको वेळच्या वेळी थेंब घालते, एक मिनिट इकडे तिकडे होऊ देत नाही. स्वयंपाक करते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. जेवताना तिची नकाशाची वही एकदा मी मागितली. म्हणाली, ती बसबरोबर गेली. दर महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही दोघं एसटीने माळावर जायचो. मावशी बाजेवर असायची. बायको तिची पाठ पुसायची, पडून पडून झालेल्या जखमांना औषध लावायची. हे काम तिने कुणाला करू दिलं नाही. मी अंगणात मामांजवळ बसायचो.

पुढच्या श्रावणात मावशी गेली. छातीत कफ झाला, तीन दिवसांत आटोपलं. मुलाचा फोन बायकोला आला. ती आत जाऊन बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही एकटे जा. मला आता तिथे जाववत नाही." मी म्हणालो, एकटा कसा जाऊ? ती म्हणाली, "विचारत विचारत जा."

गेलो. सांगलीच्या स्टँडवर दोघांना विचारलं, आटपाडीची गाडी धरली. फाट्यावर उतरून रस्त्याच्या कडेने पायाने चाचपत माळावर पोहोचलो. माळ हिरवा झाला होता. मामा घराच्या ओट्यावर बसले होते, डोकं भादरलेलं. मला बघून म्हणाले, "या. बसा." सुनेने पाणी दिलं. मी काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं तर मामांनीच बोलायला सुरुवात केली, की पाऊस बरा आहे, डाळिंबावर डाग पडलाय, मेंढरं यंदा कुणाबरोबर पाठवायची ते ठरत नाही. मावशीबद्दल त्यांनी काही काढलं नाही. मलाही काढता आलं नाही. दोन तास तसेच गेले.

निघताना ते माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. एसटी पलीकडच्या बाजूला थांबायची. त्यांनी माझं कोपर धरलं, दोन्हीकडे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला आणि मला पलीकडे नेलं. गाडी येईपर्यंत कोपर सोडलं नाही. गाडी आल्यावर मला पायरीवर चढवलं आणि दारातल्या कंडक्टरला म्हणाले, "ह्यास्नी दिसत न्हाई. सांगलीत नीट उतरवा."

कंडक्टरने दाराजवळची सीट रिकामी करून दिली. मी बसलो. मागे वळून बघितलं, पण मामा मला सापडले नाहीत.